पायाळूची कंबर

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०

शाळेतून एक जादा हजेरीवही आणली आहे. आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचावं म्हणून नाही. लिहून झालं की वही कपाटात, सर्टिफिकेटांच्या खाली.

नाव, वय, हुद्दा टाकल्याशिवाय मला कुठलंच रजिस्टर सुरू करता येत नाही. विश्वंभर, वय ४८, वरिष्ठ लिपिक, मुक्काम कुरुंदा. जन्म पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी माझे पाय आले, मग मी. त्यामुळे वयाच्या सहाव्या वर्षापासून गावातल्या सगळ्या कंबरा माझ्याकडे. कुणाला लचक भरली, उसण भरली, की तो रविवारी सकाळी उपाशीपोटी माझ्या दारात. मी डावा पाय उचलतो, तळवा तीनदा कंबरेला लावतो, माणूस मोकळा होऊन घरी जातो. पैसा घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. नियम दोनच. पायाळूचा पाय स्वतःला लागू होत नाही आणि घरच्यांना लागू होत नाही.

आणि गेल्या शनिवारी ऑफिसात जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलताना माझ्याच कंबरेत कळ आली. अजून आहे. कुणाला सांगितलेलं नाही. ज्याच्या दारात रविवारी रांग लागते त्याने कंबर धरून चालणं बरं दिसत नाही.

नवीन वर्षाचा संकल्प: घाबरायचं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

घाबरलो.

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. मांडीच्या मागचे स्नायू आखडले की ते खुब्याचं हाड खाली ओढतात. त्यामुळे कंबरेचा बाक जातो. त्यामुळे मणक्यांवर ताण येतो. मग गादी सरकते, मग नस दबते, मग पाय जातात. इथे तो माणूस थांबला आणि चॅनल सबस्क्राइब करा म्हणाला. मी लगेच केलं.

घरच्या घरी तपासणी सांगितली आहे. उभं राहायचं, गुडघे न वाकवता बोटं जमिनीला लावायची. शाळेची लाकडी मीटरपट्टी घरी आणली. बायको शिवकन्या हिला पट्टी धरायला सांगितली, त्यामुळे तिला सगळं सांगावंच लागलं. बोटांपासून फरशीपर्यंत अंतर ३१ सेंटिमीटर. शिवकन्या म्हणाली, त्याच्यात काय, तुमी लग्नातबी कुणाच्या वाकून पाया पडले न्हाईत, उभ्यानंच हात जोडत व्हते. म्हणजे हा आजार पंचवीस वर्षांपासूनचा आहे. हे ऐकून जास्तच भीती वाटली.

आखाडा बाळापूरचे माझे साडू नरसिंग यांची गादी सरकली होती. ऑपरेशन झालं, आठ महिने खाटेवर. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची खाट भिंतीकडे तोंड करून होती. ती भिंत मला अजून आठवते.

योजना: रोज पहाटे पाचला उठून वीस मिनिटं स्नायू ताणणे. १ तारखेपासून धरून चाळीस दिवस. रोज एक सेंटिमीटर धरला तरी महाशिवरात्रीच्या आत बोटं जमिनीला.

४ जानेवारी, शनिवार

उठलो नाही. थंडी फार. थंडीत आखडलेला स्नायू ताणला तर तुटू शकतो. विचारपूर्वक घेतलेला निर्णय.

५ जानेवारी, रविवार. दुपारी

हळदीची काढणी सुरू झाली की कंबरा वाढतात. आज सात जण होते. पहिले शेजारचे सोनाजी मामा, वय सदुसष्ट, अजून खणायला जातात. ते नेहमीप्रमाणे भिंतीला हात टेकून पाठमोरे उभे राहिले. मी डावा पाय उचलला. तो गुडघ्याएवढा वर आला आणि थांबला. मांडीमागे कुणीतरी दोरी ओढून धरली आहे असं वाटलं. 

प्रसंगावधान राखून सर्वांना पालथं झोपायला सांगितलं. सोनाजी मामा म्हणाले, बाबू, मागच्या साली तर उभ्यानं करत व्हते. मी म्हणालो, मणका जमिनीला समांतर असला की असर बराबर बसतो. सातही जणांना पटलं. पाय फारतर वीतभर उचलावा लागतो. ही पद्धत आधीच सुचायला हवी होती.

८ जानेवारी, बुधवार

गॅसची टाकी संपली. शिवकन्या म्हणाली, नवी टाकी तेवढी आत घेऊन द्या. मी तिला कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका कुठे असतो ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावून सांगितलं. चित्र काढून होईपर्यंत तिने टाकी स्वतःच सरकवत आत नेली होती. नंतर उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिली. चहाला उशीर झाला.

व्यायाम: उद्यापासून. आज मानसिक तयारी.

११ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी

वसमतहून कंबरेचा पट्टा आणला. शर्टाच्या आत बांधतो, कुणाला कळत नाही. दिवसभर ऑफिसात ताठ बसलो. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, माझ्यावर काही राग आहे का. मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं, त्यामुळे तसं वाटलं असेल.

संध्याकाळी मोजलं. ३२. पट्टा बांधून मोजल्यामुळे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शिवकन्या वाण घेऊन चार घरी गेली आणि एका पायात चप्पल नसतानाच परत आली. डाव्या. मागून सोनाजी मामांची सून ती चप्पल घेऊन आली, त्यांच्या अंगणात निघाली होती म्हणे. मी विचारलं, पायात चप्पल नाही हे रस्ताभर कळलं नाही? ती म्हणाली, कळलंच न्हाई. या बाईचं लक्ष कुठे असतं देव जाणे. इथे माझं लक्ष माझ्या एकेका मणक्यावर असतं.

तिळाचे तीन लाडू खाल्ले. तीळ हाडाला चांगला.

१७ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.००

रात्रभर विचार करून एक मार्ग काढला होता. माझा पाय मला लागू होत नाही असं म्हणतात, पण कुणी करून पाहिलं आहे? खिडकीचे गज धरले, डावा पाय मागून वर घेऊन स्वतःच्या कंबरेला लावण्याचा प्रयत्न केला. पोटरीत असा गोळा आला की गज सुटले आणि मी धान्याच्या कोठीवर आदळलो.

सकाळी ७.४०

दुसरा मार्ग. माझी डावी चप्पल शिवकन्याच्या हातात दिली आणि मी पालथा झोपलो. चप्पल माझी, पाय तिच्यात बारा वर्षं राहिलेला, हात फक्त तिचा. यात कुठलाच नियम मोडत नाही. तिने तीनदा लावली. जरा हलकं वाटलं.

मग ती म्हणाली, मंग माझ्याबी कंबरेला लावून पाहू का, लई दिवस झाले, खाली पायापस्तोर जाऊन राहिलं. मी तिला आठवण करून दिली की घरच्यांना लागू होत नाही. तिने चप्पल दाराशी नेऊन ठेवली. नियम म्हणजे नियम. तो मी केलेला नाही.

२२ जानेवारी, बुधवार

पाच दिवसांची वैद्यकीय रजा टाकली. आराम हेच औषध. सकाळपासून सतरंजीवर उताणा. आढ्याला एकवीस पत्रे आहेत.

मुलगी निलम हिचा परभणीहून फोन आला. तिला माझा चौथा मणका सांगत होतो तर म्हणाली, पप्पा, आईला फोन द्या. आई आणि ती मागच्या अंगणात बराच वेळ बोलत होत्या. परत आल्यावर मी विचारलं, माझ्या कंबरेचं सांगितलंस का. शिवकन्या म्हणाली, व्हय. पोरीला काळजी लागली असणार.

दुपारी उजव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. संपलं असं वाटलं. हाका मारल्या. शिवकन्या शेतात गेलेली. तासाभराने लक्षात आलं की मोज्याचं इलॅस्टिक घट्ट आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंड्याला गेलो. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतं. पन्नासाव्या सेकंदाला कळ आली पण हललो नाही. तिथून घरी येऊन नऊ जणांच्या कंबरा. सोनाजी मामा दुसऱ्यांदा आले होते, म्हणाले, बाबू, तुमचा पाय लागला की दोन दिस काई तकलीफ न्हाई. सदुसष्ट वर्षांचा माणूस माझ्यासमोर दोन पायांवर उकिडवा बसून तंबाखू मळत होता, टाचा जमिनीला टेकलेल्या. मला त्यांचा राग आला. मग लाज वाटली. मग परत राग आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या दीड एकरातली हळद काढायला सुरुवात झाली. मी बांधावर खुर्ची टाकून बसलो. कुणीतरी मजुरांवर लक्ष ठेवायला हवं.

शिवकन्या टोपली घेऊन सरीतून येताना पडली. सपाट जागा होती, दगड नाही, धोंडा नाही. म्हणाली, पाय वर येयाच्या आधीच बोटं घासली, अडकलं. सगळे कंद मातीत. मी खुर्चीतूनच विचारलं, दुखतं का. ती म्हणाली, न्हाई, आता काईच दुखत न्हाई. मग बरं. दुखत नाही म्हणजे काही नाही. दुखतं ते माझं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज चाळीसावा दिवस. बोटं जमिनीला लागायची तारीख.

अंतर ३४.

पट्टी तपासली, पट्टी बरोबर आहे. तिथली फरशी खचली असावी. देवघरासमोर मोजलं, ३४. अंगणात मोजलं, ३५. पाठ पुढे वाकवली की पायात वीज जाते. खरं सांगायचं तर चाळीस दिवसांत व्यायाम दोनदा झाला, तोही एकदा अर्धा. पण ते कारण नसावं. आजार पुढच्या टप्प्यात गेला आहे.

अकरा जण येऊन गेले. पाय उचलताना खुर्ची धरावी लागते. लोकांना वाटतं हा विधीचा भाग आहे. एक जण खुर्चीच्याही पाया पडला.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २.००

व्हिडिओत एक धोक्याची खूण सांगितली. मणक्यात जास्त दाब आला की लघवीवरचा ताबा जातो. सकाळपासून नऊ वेळा जाऊन पाहिलं. ताबा आहे. पण दहाव्या वेळी काहीच आलं नाही, तेव्हा हातपाय गार पडले. शिपाई हिरासिंग दाराबाहेरून म्हणाला, बाबूसाहेब, पाणी तर प्या, येणार कुठून. दोन तांबे पाणी प्यालो. आली. एवढा आनंद मला नोकरी लागल्यावर झाला नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वेळ आली तर तयारी असावी म्हणून घर पाहून ठेवलं. खाट पुढच्या खोलीत, तोंड रस्त्याकडे. भिंतीकडे अजिबात नाही. रेडिओ उजव्या हाताला. रविवारच्या लोकांना खाटेजवळ आणायचं, मला कुणीतरी पाय उचलून द्यायचा. गावाची सोय बंद व्हायला नको.

शिवकन्याला विचारलं, मला उचलून बसवता येईल का तुला. ती भाकरी थापत होती. हल्ली ती स्टुलावर बसून थापते, खाली बसली की उठायला भिंत धरावी लागते म्हणे. म्हणाली, तुमाला कुठं उचलू, मला माझा पाय उचलंना. मी इथे मरणाला टेकलो आहे आणि हिला विनोद सुचतात. रागावून अर्धीच भाकरी खाल्ली. नंतर भूक लागली तेव्हा उरलेली अर्धीही खाल्ली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्यापासून दहावीची परीक्षा. हॉलतिकिटांची गर्दी. वाकून खालच्या खणातला शिक्का काढायचा होता तो हिरासिंगला काढायला लावला. हिरासिंग शेजारच्या तांड्यावरचा, वीस वर्षांची ओळख. म्हणाला, बाबूसाहेब, माझी दिपा वसमतला फिजिओथेरपीचा दवाखाना टाकून बसली, तिला एकबार दाखवा. मी म्हणालो, ते व्यायामवाले, माझं प्रकरण व्यायामाच्या पलीकडे गेलं. हिरासिंग म्हणाला, पलीकडं गेलं का अलीकडं हाये ते तर कळंल.

तेच तर नको आहे मला. कळलं की संपलं. आज तरी चालतोय.

ठरवलं: रविवारी जायचं. नाही, रविवारी लोक असतात. सोमवार ते शुक्रवार परीक्षा. बुधवारी महाशिवरात्र. पुढच्या महिन्यात नक्की.

२ मार्च, रविवार. दुपारी १.००, खाटेवरून

झालं.

सकाळी चौदा जण. सोनाजी मामा पहिले. हळद शिजवायचा कुकर गावात आला आहे, त्याची टाकी उचलताना त्यांची उसण परत भरली. पालथे झोपले. मी खुर्ची धरून डावा पाय उचलला. एकदा लावला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मांडीमागून कळ निघाली ती थेट टाळूपर्यंत. खुर्ची निसटली आणि मी सबंध सोनाजी मामांवर. पाय गेले, पाय गेले, असं मी ओरडत होतो असं लोक सांगतात. मला आठवत नाही.

तिघांनी मला उचललं. मामा आपले आपण उठले, कंबर इकडून तिकडे वळवून पाहिली आणि म्हणाले, मोकळं झालं, बाबू. रांगेतल्या बाकीच्यांनी मी त्यांच्यावरही पडावं अशी इच्छा दाखवली.

उद्या हिरासिंग जीप आणतो आहे. आता पर्याय नाही. पायांची बोटं हलतात. दर पाच मिनिटांनी हलवून बघतो. 

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

जीपमध्ये मागच्या सीटवर मी आडवा, शिवकन्या पुढे, मांडीवर माझ्या उशा. दिपाचा दवाखाना दोन खोल्यांचा. मुलगी सव्वीस-सत्तावीसची, तांड्यावरच्या जत्रेत मी हिला पिपाणी वाजवताना पाहिलेली. मला पालथं केलं, उताणं केलं, एकेक पाय सरळ ठेवून वर उचलला. दीड वीत वर गेला की मी ओरडायचो. तळव्यावर किल्लीने रेघ ओढली. अंगठे दाबायला लावले. माझी छाती एवढी धडधडत होती की टेबल हलत होतं.

मग म्हणाली, काका, तुमच्या मणक्याला काई झालेलं दिसत न्हाई. मांडीमागचे स्नायू लाकडासारखे झालेत. बावीस वर्षं खुर्ची, वर मोटरसायकल, आणि या दोन महिन्यांत तर तुमी पडूनच व्हते. आखडलेला स्नायू कंबरेला ओढतो, म्हणून दुखतं. हलत राहा, रोज ताणा, दीड-दोन महिन्यांत फरक पडंल. मी म्हणालो, एमआरआय? ती म्हणाली, गरज न्हाई. मी म्हणालो, पण गादी? ती म्हणाली, काका, जिथं दुखतं तिथंच मोठा आजार असतो असं न्हाई. नस फार दबली की कधी कधी दुखायचं बंद व्हतं आणि नुसतं बळ जातं.

मला खरं तर सुटका वाटायला हवी होती. अपमान वाटला. दोन महिने मी ज्याच्याशी झुंजलो ते नुसतं आखडणं? मी तिला विचारलं, नीट बघितलंस ना, पोरी.

पण दिपा माझ्याकडे बघतच नव्हती. शिवकन्या दाराशी माझ्या चपला आणायला गेली होती. दिपा तिच्या पायांकडे बघत होती. म्हणाली, काकू, पुन्यांदा चाला बरं. शिवकन्या चालली. दिपा म्हणाली, आता टाचांवर चाला, बोटं वर उचलून. उजवा पंजा वर उचलला गेला. डावा उचलला गेला नाही. शिवकन्या त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो कुणा दुसऱ्याचा पाय आहे. मग हसली. म्हणाली, हे असंच हाये, लाडात आलंय.

दिपा हसली नाही. तिला डोळे मिटायला लावून पावलावर बोट फिरवलं. कुठं लागलं विचारलं. शिवकन्या म्हणाली, अजून लावलंच कुठं तू.

मी टेबलावर बसलो होतो, कंबरेचा पट्टा हातात.

दिपाने नांदेडला एका डॉक्टरांना फोन लावला. उद्याच या म्हणाले. कधीपासून आहे, दिपाने विचारलं. शिवकन्या म्हणाली, कंबर तर दिवाळीच्या आधीपासून, पाय संक्रांतीच्या टायमापासून.

४ मार्च, मंगळवार. नांदेड

एमआरआय झाला. तिचा. मशिनीत जायच्या आधी तिने जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र काढून माझ्या रुमालात बांधून दिलं. चाळीस मिनिटं तो रुमाल हातात धरून बसलो. दारामागून ठोकल्यासारखा आवाज येत होता.

डॉक्टर म्हणाले, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर येऊन नस दाबली आहे. ऑपरेशन करू. दाब निघेल. पायाचं बळ किती परत येईल ते आज सांगता येणार नाही, महिने जातील, कदाचित पूर्ण येणार नाही. जरा आधी आला असतात तर. वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं.

मी म्हणालो, तिला दुखत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हो ना.

५ मार्च, बुधवार

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. निलम परभणीहून आली. माझ्याशी फारसं बोलली नाही. आईने तिला जानेवारीतच फोनवर सगळं सांगितलं होतं आणि पप्पांना आत्ता सांगू नको, त्यांचं आधीच लई चालू हाये, असंही सांगितलं होतं.

शिवकन्याला विचारलं, मला काहून सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं व्हतं. मी म्हणालो, कधी. ती म्हणाली, दोनदा. एकदा तुमी म्हणले घरच्याला लागू न्हाई. एकदा तुमी भाकरीवर रुसले. मंग म्या म्हणलं, जाऊ द्या, तुमचं बरं झाल्यावर बघू.

 मी एवढंच म्हणालो की नियम मी केलेला नाही. ती म्हणाली, व्हय, ते तर हाये.

बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. डॉक्टर वगैरेही एक गोष्ट जगात आहे, तिथे न्यायला पायाळू असावं लागत नाही. हे मला सुचलं नाही. बेचाळीस वर्षं लोकांच्या कंबरांना पाय लावला, त्यांत एकदाही कुणाला विचारलं नाही की पायाला मुंग्या येतात का, चप्पल सुटते का. किती जणांना तसंच घरी पाठवलं असेल. मला खरी भीती आत्ता वाटते आहे. आधीच्या दोन महिन्यांत मी रोज भ्यालो, पण तेव्हा दर पाच मिनिटांनी बोटं हलवून बघता येत होती. आता तिची बोटं मला हलवता येत नाहीत.

६ मार्च, गुरुवार

सोनाजी मामांचा फोन. रविवारी येता का, सहा-सात जण विचारून राहिले. मी म्हणालो, मामा, त्यांना सांगा, वसमतला हिरासिंगच्या पोरीकडे जा. मामा म्हणाले, आणि तुमचा पाय? मी म्हणालो, माझा पाय आखडलाय. मामा म्हणाले, बरं, सांगतो. मग म्हणाले, बाईला सांभाळा.

संध्याकाळी शिवकन्या मला समजावत होती की घरी हळद शिजायला जाईल तेव्हा बेणं वेगळं काढायला सांगा, मागच्या वर्षी तुमी विसरले व्हते. ऑपरेशन तिचं आणि सूचना मला. मी सगळं हातावर लिहून घेतलं, वही पिशवीत होती पण तेवढा वेळ तिच्याजवळून उठायचं नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.२०

साडेसातला आत नेलं. सही माझी. लिपिक म्हणून हजारो कागदांवर सह्या घेतल्या, त्या कागदांवर काय लिहिलेलं असतं ते आज पहिल्यांदा वाचलं. अर्ध्यावर वाचणं थांबवलं.

निलम म्हणाली, पप्पा, चहा घ्या. नको म्हणालो.

सकाळी ११.००

अजून बाहेर कुणी आलेलं नाही. दोन तास म्हणाले होते. साडेतीन तास झाले. सिस्टरला विचारलं, ती म्हणाली बसा. साडू नरसिंग काठी टेकत बाळापूरहून आले आहेत, माझ्या शेजारी बसले आहेत. म्हणाले, माझं बी लांबलं व्हतं. यापेक्षा जास्त दिलासा मला कुणी देऊ शकलं नसतं.

दुपारी १२.१०

डॉक्टर आले. व्यवस्थित झालं म्हणाले. बाकी हळूहळू कळेल. निलम रडली. मी कागद कुठे जमा करायचे ते विचारलं. 

संध्याकाळी ५.३०

साडेचारला आत सोडलं. एकानेच जायचं होतं, निलम म्हणाली तुम्ही जा. शिवकन्या डोळे अर्धे मिटून पडली होती. सिस्टरने डाव्या पायाचा अंगठा हलवायला सांगितला. जरासा हलला. मला हलल्यासारखा वाटला, पण सिस्टरने तसं लिहून घेतलं, म्हणजे हललाच.

मी काहीतरी बोलणार होतो. दोन दिवस जुळवून ठेवलेलं होतं. त्याआधी तीच बोलली. आवाज फार बारीक, कान जवळ न्यावा लागला. म्हणाली, दिसभर त्या लोखंडी बाकावर बसले असाल, कंबर धरली असंल तुमची, जरा आडवे व्हा कुठंतरी.

सकाळी साडेसातपासून त्या बाकावर होतो. कंबर एकदाही दुखली नव्हती.

मी म्हणालो, व्हय, जरा धरली हाये.